शंभर फील्ड

हिवतापाच्या प्रयोगशाळेतल्या रजिस्टरात निकालाचा एक अरुंद रकाना असतो. पानेच्या पाने उलटली तरी त्यात 'निगेटिव्ह' हा एकच शब्द दिसतो. मधेच एखाद्या ओळीत 'पीव्ही', क्वचित 'पीएफ', आणि 'पीएफ'च्या पुढे एकदोन अक्षरे: 'आर', 'आरजी' किंवा नुसते 'जी'. पीव्ही म्हणजे प्लाझमोडियम व्हायव्हॅक्स, पीएफ म्हणजे प्लाझमोडियम फाल्सिपेरम, हे परजीवीचे दोन प्रकार. आर म्हणजे रिंग आणि जी म्हणजे गॅमेटोसाइट, या त्याच्या अवस्था. रुग्णाला यातले काही कळण्याची गरज नसते. पण 'पीएफ'पुढे नुसता 'जी' वाचला की जाणता हिवताप अधिकारी रुग्णाची विचारपूस करतो आणि लगेच त्या गावच्या आरोग्य सेवकाच्या गृहभेटीच्या तारखा मागवतो. त्या एका अक्षराने कुणाची तरी दिरंगाई उघडी पडलेली असते. कशी, ते पुढे येईलच. त्याआधी ही काचपट्टी येते कुठून ते पाहू.

नांदेड जिल्ह्यातले हिमायतनगर. जुन्या माणसांच्या तोंडी अजून वाढोणा. गावाची ओळख परमेश्वराच्या मंदिरामुळे, उत्तरेला पैनगंगा आणि नदीपलीकडे यवतमाळातला उमरखेड. मुदखेडहून आदिलाबादकडे जाणारी रेल्वे भोकरनंतर इथे थांबते आणि पुढे सहस्रकुंड, किनवट करत जंगलात शिरते. हा सगळा पट्टा १९४८ पर्यंत निजामाचा. शेजारचे इस्लापूर आणि किनवट तर १९५६ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यातच होते, राज्यपुनर्रचनेत ते नांदेडला आले. आंध, गोंड, कोलाम, परधान यांची वस्ती, नाल्यांची दाटी, पावसाळ्यानंतर नदीकाठी साचून राहणारी डबकी, आणि कापूस वेचायला, ऊस तोडायला, हैदराबादच्या बांधकामांवर जाणारी-येणारी माणसे. हिवतापाला लागते ते सगळे इथे आहे. आपल्या ग्रामीण भागात तो मुख्यतः पसरवणारा डास अ‍ॅनॉफिलिस क्युलिसिफेसिस. तो अशाच साध्या, फारसे घाण नसलेल्या पाण्यात वाढतो. गटारावर धूर सोडून त्याचे काही बिघडत नाही, तरी गावोगावी मागणी मात्र धुराच्या गाडीचीच असते.

साठ-सत्तर वर्षांपूर्वी या गावांत येणारा सरकारी माणूस म्हणजे 'मलेरियावाला'. दर पंधरा दिवसांनी घरोघर फिरायचे, ताप आलेल्याचे बोट टोचायचे, काचेवर रक्त घ्यायचे, क्लोरोक्विनच्या चार गोळ्या हातावर ठेवायच्या आणि भिंतीवर तारीख टाकून पुढचे घर गाठायचे. त्या चार गोळ्या अंदाजाच्या. काचेचा निकाल आला की मग 'समूळ उपचार'. आता अंदाजाच्या गोळ्या बंद झाल्या आहेत. आधी तपासणी, मग औषध, असा नियम आहे. काचेचा निकाल चोवीस तासांत मिळणार नसेल तर आशाताईंनी तिथल्या तिथे रॅपिड किटवर चाचणी करायची. हे चांगलेच झाले. पण किटवर उमटणारी रेघ 'आहे' किंवा 'नाही' एवढेच बोलते, फार तर कोणता प्रकार ते सांगते. रक्तात परजीवी किती आहेत आणि कोणत्या वयाचे आहेत, हे तिला सांगता येत नाही. ते अजूनही काचपट्टीलाच विचारावे लागते.

काचपट्टी करणे दिसायला सोपे. डाव्या हाताचे अनामिकेचे बोट स्पिरिटने पुसायचे, ते वाळू द्यायचे, टोचायचे, पहिला थेंब कापसाने टिपून टाकायचा. पुढचा थेंब काचेवर घेऊन दुसऱ्या काचेच्या कोपऱ्याने गोल फिरवत एक सेंटिमीटरभर पसरवला की झाला थिक स्मिअर. त्याच्या शेजारी दुसरा छोटा थेंब घ्यायचा, दुसऱ्या काचेची कड त्याला टेकवून तिरकी धरायची आणि एका दमात पुढे ओढायची. रक्त जिभेच्या आकारात पातळ होत जाते. हा थिन स्मिअर. नंबर पेन्सिलीने या पातळ रक्तावरच लिहायचा, कारण शाई रंगवताना धुऊन जाते. थिक स्मिअर आतून किती जाड असावा याची खूण पिढ्यान्पिढ्या शिकवली जाते: काच छापील कागदावर ठेवली तर खालची अक्षरे जेमतेम वाचता आली पाहिजेत.

या दोन थरांचे स्वभाव वेगळे. थिक स्मिअर आधी पाण्यात बुडवतात. त्यात तांबड्या पेशी फुटतात, हिमोग्लोबिन वाहून जाते आणि मागे उरतात पांढऱ्या पेशी, प्लेटलेट आणि परजीवी. कमी जागेत जास्त रक्त बघून होते, म्हणून 'आहे की नाही' हे ठरवायला हा थर. थिन स्मिअरमध्ये पेशी सुट्या, एकेरी आणि शाबूत असतात. परजीवी कोणत्या पेशीत बसला आहे, ती पेशी फुगली आहे का, तिच्यावर ठिपके आहेत का, हे तिथे दिसते. म्हणून प्रकार ठरवायला हा थर.

रंग देणे हे तर स्वतंत्र शास्त्रच. परजीवी रंगवल्याशिवाय जवळजवळ दिसतच नाही. रोमानोव्हस्कीने १८९१ मध्ये इओसिन आणि जुना मेथिलिन ब्ल्यू एकत्र वापरून परजीवीचे केंद्रक लाल आणि देह निळा असा वेगळा करून दाखवला. पुढे १९०१ मध्ये लीशमनने आणि १९०४ मध्ये हँबर्गच्या गिम्झाने त्याच्याच सुधारित आवृत्त्या काढल्या. आपल्या हिवताप कार्यक्रमात मात्र तीनचार पिढ्यांचा हात बसला तो जेएसबीवर. जेएसबी म्हणजे जसवंत सिंग आणि भट्टाचार्जी. दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीत, १९४४ मध्ये, दिल्लीच्या मलेरिया इन्स्टिट्यूटमधल्या या दोघांनी पाण्यात विरघळणारा, मिनिटभरात काम उरकणारा हा रंग काढला. एका बरणीत इओसिन, दुसऱ्या बरणीत निळा, मधे धुण्याचे पाणी. काच इओसिनमध्ये क्षणभर, निळ्यात अर्धा मिनिट, की वाळवायला उभी. लाखो काचा तपासायच्या असलेल्या देशाला अशीच रीत परवडणार होती. जेएसबी नसता तर खेडोपाडीची ही तपासणी उभीच राहिली नसती, असे मला वाटते, आणि तरीही त्या दोघांची नावे आपल्याकडे कुणाला ठाऊक नसतात.

सगळा खेळ धुण्याच्या पाण्यावर येऊन थांबतो. हिवतापासाठी पाण्याचा सामू ७.२ च्या आसपास लागतो. म्हणून मोजून घातलेल्या क्षारांचे बफर पाणी वापरायचे. ते संपले म्हणून नळाचे किंवा बोअरचे पाणी वापरले तर रंग बिघडतो: पाणी आम्लाकडे झुकले की सगळे गुलाबी होते आणि व्हायव्हॅक्सचे ठिपके उमटतच नाहीत, अल्कलीकडे झुकले की सगळे निळेजांभळे. वर्षानुवर्षे चांगले काम केलेला तंत्रज्ञ पाण्यापुढे हतबल होतो. रंगाचे कण काचेवर साचले तर तेही परजीवीसारखेच दिसतात. नवशिका माणूस पहिल्या महिन्यात सर्वांत जास्त 'पॉझिटिव्ह' काढतो ते यामुळेच. तांबड्या पेशीवर नेमकी जाऊन बसलेली प्लेटलेट तर भल्याभल्यांना चकवते.

आता भिंगाखाली. शंभरपट भिंग, त्यावर दहापट नेत्रिका, मधे तेलाचा थेंब. एका वेळी जेवढे गोल क्षेत्र दिसते त्याला फील्ड म्हणतात. निगेटिव्ह लिहिण्यापूर्वी थिक स्मिअरची किमान शंभर फील्ड बघायची, हा जगभरचा दंडक. शंभर फील्डांत मिळून रक्त बघून होते ते एका मायक्रोलिटरचा जेमतेम चौथा हिस्सा. मायक्रोलिटर म्हणजे एका मिलिलिटरचा हजारावा भाग, आणि त्यात तांबड्या पेशी सुमारे पन्नास लाख. कसलेल्या नजरेला मायक्रोलिटरमध्ये पाच-दहा परजीवी असले तरी सापडतात. रोजच्या धबडग्यात काम करणाऱ्याला पन्नास-शंभर असावे लागतात. पन्नास म्हणजे लाख पेशींत एक. एका काचेला पाच मिनिटे धरली तर पन्नास काचांना चार तासांहून जास्त, तेही मान न वळवता. उरलेल्या वेळात हिमोग्लोबिन, लघवी, थुंकी, गरोदर बायांच्या तपासण्या. ग्रामीण रुग्णालयातला प्रयोगशाळा तंत्रज्ञ फक्त हिवतापाचा नसतो.

तो पाहतो काय? सर्वांत कोवळी अवस्था रिंग: निळी कडी आणि तिच्यावर लाल ठिपका, खड्याच्या अंगठीसारखी. मग ती पेशीतले हिमोग्लोबिन खात वाढते, तिचा आकार बेढब होतो, हा ट्रोफोझोइट. मग केंद्रकाचे दोन, चार, आठ असे तुकडे पडत जातात, हा शायझॉन्ट. शेवटी पेशी फुटते, डझनभर किंवा दोन डझन पिल्ले रक्तात सुटतात आणि सेकंदांत नव्या पेशींत शिरतात. व्हायव्हॅक्सला या फेऱ्याला अठ्ठेचाळीस तास लागतात. पेशी फुटण्याची वेळ हीच हुडहुडीची वेळ, हे इटलीतल्या पाव्हियाच्या कामिल्लो गोल्जीने १८८५-८६ च्या सुमारास रुग्णांचे रक्त पुन्हा पुन्हा पाहून जुळवून दाखवले. आपल्याकडच्या वैद्यांनी तृतीयक आणि चतुर्थक ज्वर कधीच वेगळे केले होते. गोल्जीने त्या दिवसांच्या हिशेबामागचा हिशेबनीस रक्तात दाखवला. तेव्हापासून अवस्था ओळखणे म्हणजे वेळ ओळखणे, हे पक्के झाले. काच बघणारा 'काय आहे' एवढे पाहून थांबत नाही. 'कधीपासून आहे' आणि 'आता पुढे काय होणार' हेही त्याला तिथेच वाचायचे असते.

या वाचनाचा सर्वांत मोठा धडा आपल्या जुन्या हैदराबाद संस्थानातच घडला. सिकंदराबादच्या बेगमपेठेतल्या लष्करी इस्पितळात सर्जन-मेजर रोनाल्ड रॉस हा तापट, कवी, गणिताचा नाद असलेला गृहस्थ १८९५ पासून डास फाडत बसला होता. त्याचा स्वतःचा पूर्वेतिहास मजेदार आहे. फ्रेंच लष्करी डॉक्टर लाव्हरां याने ६ नोव्हेंबर १८८० रोजी अल्जीरियातल्या कॉन्स्टंटिन इथे सैनिकाच्या ताज्या रक्तात वळवळणारे धागे, म्हणजे हिवतापाचे जंतू, पाहिले होते. आपल्या मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेजच्या हेन्री व्हॅन्डाइक कार्टरने ते जंतू १८८० च्या दशकाच्या अखेरीला हिंदुस्थानातल्या रुग्णांत ओळखले. हा कार्टर म्हणजे 'ग्रेज अ‍ॅनाटॉमी'तली चित्रे काढणारा, मधे साताऱ्यात सिव्हिल सर्जन असलेला. नजर चित्रकाराची होती, त्यामुळे त्याला दिसले. रॉसला मात्र वर्षानुवर्षे रक्त बघूनही काही दिसले नाही, आणि दिसत नाही म्हणून त्याने लाव्हरांचे जंतू खोटे, असे छापूनही टाकले. १८९४ मध्ये तो रजेवर लंडनला गेला, तिथे पॅट्रिक मॅन्सनने त्याला भिंगाशी बसवून परजीवी बोटाने दाखवला. एकदा दाखवल्यावर त्याला सगळीकडे दिसू लागले. पुढे नोबेल मिळवणाऱ्या माणसालाही हे दुसऱ्याने दाखवावे लागले, ही गोष्ट पाठ्यपुस्तकांनी सांगायला हवी. ती सहसा गाळली जाते.

सिकंदराबादला परतल्यावर दोन वर्षे तो चुकीच्या जातीचे डास फाडत होता. १८९७ च्या ऑगस्टात त्याच्या हाताशी ठिपकेदार पंखांचे वेगळे डास लागले. आज ते बहुधा अ‍ॅनॉफिलिस स्टेफेन्सी मानले जातात. हुसेन खान नावाच्या हिवतापाच्या रुग्णाला १६ ऑगस्टला मच्छरदाणीत बसवून, चावणाऱ्या डासामागे एक आणा देऊन, त्यांना रक्त पाजले. उकाडा भयंकर, डास उडतील म्हणून पंखा बंद, भिंगाचे स्क्रू घामाने गंजलेले, नेत्रिकेला तडा गेलेला. २० ऑगस्टला उरलेल्या डासांपैकी एकाच्या पोटाच्या भिंतीवर त्याला काही गोल पेशी दिसल्या, आणि त्यांच्यात काळे कण. हे काळे कण त्याच्या चांगले ओळखीचे होते. परजीवी हिमोग्लोबिन खातो तेव्हा त्यातले 'हीम' त्याच्यासाठी विष ठरते. ते तो स्फटिक करून बाजूला टाकतो. तोच हा काळपट रंगकण. रुग्णाच्या रक्तात लाव्हरांनेही याचाच माग काढत परजीवी गाठला होता. डासाच्या पोटाला असा रंगकण असण्याचे दुसरे काही कारण नव्हते. (क्लोरोक्विन नेमके हेच स्फटिक होणे अडवते आणि परजीवी आपल्याच उष्ट्याने मरतो.)

पण रॉसची खरी खात्री दुसऱ्या दिवशी झाली. २१ ऑगस्टला त्याने त्याच तुकडीतला पुढचा डास फाडला. पेशी तशाच, रंगकण तसेच, पण आकाराने मोठ्या. म्हणजे चोवीस तासांत त्या वाढल्या होत्या. दोन डास, दोन दिवस, दोन मापे. एका डासाने त्याला काहीतरी विचित्र दाखवले, दुसऱ्याने ते जिवंत आहे हे सिद्ध केले. डिसेंबरात ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापलेल्या त्याच्या टिपणाचा आधार एवढाच. पुढे त्याची बदली झाली, उरलेला फेरा त्याने १८९८ मध्ये कलकत्त्याला पक्ष्यांच्या हिवतापावर मोहम्मद बक्ष या मदतनिसाच्या हाताने पुरा केला, आणि १९०२ चे नोबेल घेतले. बेगमपेठची ती इमारत आज उस्मानिया विद्यापीठाकडे आहे. हिमायतनगरहून हैदराबादेला कामाला जाणारी माणसे त्या भागातून रोज जात असतील. हुसेन खानाचे पुढे काय झाले, याचा उल्लेख मात्र कुणी करत नाही.

आता 'जी'कडे वळू. व्हायव्हॅक्सची काच बोलकी असते. तिच्यात रिंग, बेढब वाढलेले ट्रोफोझोइट, शायझॉन्ट, गोल गॅमेटोसाइट, सगळे एकाच वेळी बोटाच्या रक्तात भेटतात. पेशी फुगलेली असते आणि तिच्यावर शुफ्नरचे गुलाबी ठिपके. फाल्सिपेरमची काच याउलट. पेशी फुगत नाही. रिंग नाजूक, कधी एका पेशीत दोन-तीन, कधी दोन ठिपक्यांची, कधी पेशीच्या कडेला चिकटून बसलेली. आणि मुख्य म्हणजे मधल्या अवस्था गायब. ट्रोफोझोइट नाही, शायझॉन्ट नाही, कडेला फार तर चंद्रकोरीच्या आकाराचे गॅमेटोसाइट. थिक स्मिअरमध्ये पेशीच फुटलेल्या असल्याने फुगवटा आणि ठिपके यांचा आधार नसतो. तिथे अनुभवी तंत्रज्ञ काय दिसते यापेक्षा काय दिसत नाही यावरच फाल्सिपेरम ओळखतो. शेकडो रिंगा आणि सगळ्या एकाच वयाच्या, हेच त्याचे लक्षण.

या गायब अवस्था जातात कुठे? फाल्सिपेरम पेशीत शिरल्यावर सुमारे अर्धा दिवस उलटला की पेशीच्या पृष्ठभागावर बारीक गाठी उभ्या करतो. त्या गाठींतल्या प्रथिनांच्या जोरावर पेशी केशवाहिनीच्या भिंतीला चिकटते आणि उरलेला काळ तिथेच काढते: मेंदूत, फुफ्फुसात, गर्भवतीच्या वारेत. प्लीहेतून गेली तर प्लीहा तिला गाळून टाकेल, म्हणून हा लपण्याचा डाव. मेंदूचा हिवताप होतो तो यातूनच. यामुळे दोन गोष्टी घडतात. एक, बोटाच्या काचेवर दिसणारी संख्या ही शरीरातल्या एकूण परजीवींची खरी संख्या नव्हे. काच 'कमी' सांगत असताना रुग्ण बेशुद्धीकडे जात असू शकतो. एखाद्या वेळी सगळी पिढी एकदम चिकटलेली असते आणि पहिली काच चक्क निगेटिव्ह येते. म्हणून ताप चढता असेल तर सहा-बारा तासांनी पुन्हा रक्त घ्यायचे. दुसरी गोष्ट, जर बोटाच्या रक्तातच फाल्सिपेरमचे रंगकण धरलेले वयस्क परजीवी किंवा शायझॉन्ट दिसू लागले, किंवा पांढऱ्या पेशी रंगकण गिळून बसलेल्या दिसल्या, तर आत फार मोठा साठा आहे असे समजावे. अशा काचेचा निकाल रजिस्टरात लिहून थांबायचे नसते, उठून वॉर्डात डॉक्टरला सांगायचा असतो. ज्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञ आणि डॉक्टर एकमेकांशी बोलत नाहीत तिथे काचेचे हे अर्धे ज्ञान वाया जाते, आणि अशा प्रयोगशाळा कमी नाहीत.

गॅमेटोसाइट ही नर-मादी अवस्था. तिच्याने ताप येत नाही. ती डासाची वाट पाहते. फाल्सिपेरमच्या गॅमेटोसाइटला पिकायला दहा-बारा दिवस लागतात. पहिल्या चार पायऱ्या तो प्रामुख्याने अस्थिमज्जेत लपून काढतो, पाचव्या पायरीलाच बोटाच्या रक्तात उतरतो, तोही चंद्रकोर होऊन. म्हणून रजिस्टरात 'पीएफ आर' म्हणजे ताप नवा, लवकर सापडला. 'पीएफ आरजी' म्हणजे आठवडा तरी गेला. नुसता 'पीएफ जी' म्हणजे रुग्ण तापात होता तेव्हा कुणी काच घेतली नाही, किंवा बाहेर कुठेतरी अर्धवट उपचार झाले आणि आता तो ठणठणीत फिरत असताना प्रत्येक चावणाऱ्या डासाला परजीवी वाटत आहे. गृहभेटी कागदावर झाल्या होत्या की दारावर, याचा निवाडा हे अक्षर करते. एखाद्या तालुक्यात नुसत्या 'जी'चे प्रमाण वाढले तर फवारणीपेक्षा आधी सर्वेक्षण तपासावे, असे हिवताप कार्यक्रमातले जुने शहाणपण आहे. हे मला सरकारी आकडेवारीतले सर्वांत प्रामाणिक अक्षर वाटते, कारण त्याची खाडाखोड करायची तर काचच बदलावी लागते.

औषधही या अक्षरांवरच चालते. व्हायव्हॅक्सला तीन दिवस क्लोरोक्विन आणि चौदा दिवस प्रायमाक्विन, कारण तो यकृतात झोपलेले अंकुर मागे ठेवतो आणि महिन्यांनी पुन्हा उठतो. फाल्सिपेरमला आर्टिमिसिनिन गटाचे जोड औषध आणि प्रायमाक्विनची एकच मात्रा, ती चंद्रकोरी मारण्यासाठी. तांबड्या पेशींतले जी-सिक्स-पीडी नावाचे विकर कमी असलेल्याला प्रायमाक्विनने पेशी फुटण्याचा धोका असतो, आणि आदिवासी समाजांत या कमतरतेचे प्रमाण काही ठिकाणी बरेच असते. गरोदर बाईला आणि तान्ह्याला ते देतच नाहीत. म्हणजे काच चुकीची वाचली तर चूक दोन्हीकडून भोवते. फाल्सिपेरमला व्हायव्हॅक्स म्हटले तर निरुपयोगी क्लोरोक्विन घेत माणूस दगावू शकतो. व्हायव्हॅक्सला फाल्सिपेरम म्हटले तर चौदा दिवसांचे औषध हुकते आणि पुढच्या पावसाळ्यात तोच माणूस पुन्हा हुडहुडी घेऊन येतो.

१९५३ मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला तेव्हा देशात वर्षाला साडेसात कोटी लोकांना हिवताप होतो आणि आठ लाख मरतात असा अंदाज होता. डीडीटीच्या जोरावर साठच्या दशकात रुग्ण लाखभरावर आले. मग हात सैल झाला आणि १९७६ मध्ये पुन्हा साडेचौसष्ट लाख. आता पुन्हा उतार आहे: २०१५ मध्ये नोंद ११ लाख ६९ हजार रुग्णांची, २०२३ मध्ये सव्वादोन लाखांच्या आसपास. २०२७ पर्यंत देशात स्थानिक रुग्ण शून्य आणि २०३० ला निर्मूलन, असे सरकारी उद्दिष्ट आहे. ग्रामीण महाराष्ट्रात ओझे मुख्यतः गडचिरोलीचे. मराठवाड्यासारख्या इतर भागांत तंत्रज्ञ वर्षभर काचा बघतो आणि रकाना 'निगेटिव्ह'ने भरतो.

अडचण इथेच सुरू होते. नजर ही काही एकदा शिकून कायमची राहणारी वस्तू नव्हे. दहा वर्षांपूर्वी आठवड्याला चार पॉझिटिव्ह बघणारा डोळा आता वर्षाला एकही बघत नाही. नवा तंत्रज्ञ पदविका घेऊन येतो तेव्हा त्याने चंद्रकोर पुस्तकातल्या रंगीत चित्रातच पाहिलेली असते. चित्रातली चंद्रकोर मोठी, स्वच्छ, पांढऱ्या पार्श्वभूमीवर. काचेवरची फिकट, धुरकट, पांढऱ्या पेशीच्या कडेला अर्धी दबलेली. शंभरातली साठ फील्ड झाली, काही नाही, उरलेली चाळीस कशाला, हा मोह माणसाला होणारच. आणि काच खरोखरच निगेटिव्ह असल्याने ही कामचुकारी कधी पकडली जात नाही. तपासलेल्या काचांचा ठरावीक हिस्सा वरच्या प्रयोगशाळेत फेरतपासणीला जातो खरा, पण सगळ्याच निगेटिव्ह असतील तर खालचा आणि वरचा दोघेही न बघता एकमेकांशी सहमत होऊ शकतात.

श्रीलंकेची गोष्ट या बाबतीत सांगण्यासारखी आहे. १९६३ मध्ये तिथे वर्षभरात सतरा रुग्ण उरले. फवारणी थांबली, काचा बघणे ढिले पडले. १९६८-६९ मध्ये पाच लाखांहून जास्त रुग्ण झाले. तिथले निर्मूलन अखेर प्रमाणित झाले २०१६ मध्ये, आणि त्यानंतरही त्या देशाने काचा बघणे सोडलेले नाही, कारण परजीवी आता विमानाने येतो. आपल्याकडे तो रेल्वेने आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून येईल. दिवाळीनंतर बाहेर गेलेली टोळी उन्हाळ्यात परतते तेव्हा तिच्यातला एखादा माणूस तापाशिवाय चंद्रकोरी घेऊन येतो, आणि पावसाळ्यात पैनगंगेकाठचे डास तयारच असतात.

यावर संगणक काच वाचेल, असे उत्तर दिले जाते. वाचेलही. गेल्या काही वर्षांत या दिशेने बरेच काम झाले आहे. पण संगणकालाही आधी कुणीतरी बरोबर वाचलेल्या हजारो काचा दाखवाव्या लागतात, आणि खराब बफरमध्ये धुतलेली काच त्यालाही तेवढीच छळते. रॅपिड किटची आणखी एक गोची आहे. फाल्सिपेरमचे जे प्रथिन ती शोधते ते उपचारानंतरही काही आठवडे रक्तात रेंगाळते, त्यामुळे औषध लागू पडले की नाही हे किट सांगू शकत नाही. शिवाय त्या प्रथिनाचे जनुकच गमावलेले परजीवी जगाच्या काही भागांत सापडले आहेत, त्यांच्यापुढे ती रेघ उमटतच नाही. लसही काचेची जागा घेत नाही: पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये तयार होणारी आर-ट्वेंटीवन ही लस डासाने सोडलेल्या, यकृताकडे धावणाऱ्या अवस्थेवर चालते. ती अवस्था बोटाच्या काचेवर कधी दिसतच नाही.

खरा उपाय जुनाच आणि कंटाळवाणा आहे: काचांची पेढी. खात्रीने तपासलेल्या पॉझिटिव्ह काचा, प्रत्येक प्रकाराच्या, प्रत्येक अवस्थेच्या, कमी-जास्त संख्येच्या, पक्क्या रंगवून, वर काचेची टोपी चिकटवून अंधारात जपून ठेवायच्या आणि तंत्रज्ञांना वर्षातून काही वेळा, नाव-गाव न सांगता, निगेटिव्ह काचांत मिसळून वाचायला द्यायच्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या परीक्षेत पहिल्या श्रेणीला पोहोचायचे तर परजीवी आहे-नाही हे शंभरात नव्वद वेळा, आणि प्रकारही शंभरात नव्वद वेळा बरोबर सांगावा लागतो. दिल्लीत राष्ट्रीय पातळीवर अशी पेढी आहे. प्रश्न ती जिल्ह्यापर्यंत उतरण्याचा. नांदेडला अशा काचांची एक पेटी असावी आणि ती हिमायतनगर, किनवट, माहूरला फिरावी, यासाठी लागतो तो खर्च एका धुराच्या गाडीपेक्षा फार नसावा. काचा मात्र बहुतेक गडचिरोलीहून आणाव्या लागतील, आणि लवकर. तिथलाही आकडा उतरणीला लागला की चंद्रकोरींनी भरलेली, नीट रंगवलेली, पेन्सिलीने नंबर घातलेली काच कुणाकडे मागायची, हा प्रश्न अवघड होईल. आज ती मागता येते. रुग्णाच्या संमतीने, उपचार सुरू करण्यापूर्वी घेतलेल्या दोनचार थेंबांतून एका बैठकीत पुष्कळ काचा होतात. फक्त त्या वेळी तिथे कुणीतरी काचा, बफर आणि सवड घेऊन बसलेले हवे.